चोवीस माणसं, तीन दुर्बिणी आणि तळ्यावरचे वारकरी

मागच्या जानेवारीत आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भजनी मंडळाला मी वढवाण्याच्या तळ्यावर पक्षी बघायला घेऊन गेलो, तिथे दोन दिवसांचा पक्षी-उत्सव भरला होता, आणि पहिले दीड तास माझा असा काही फज्जा उडाला की मंडळातल्या बायका अजून त्याच्या नकला करून दाखवतात. पण त्याच दिवशी दुपारी परतताना बसमध्ये "परत कधी?" हाच प्रश्न सुरू होता. मधल्या वेळात काय झालं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण नवख्या मंडळींना हौसेनं पक्षी दाखवायला नेणारे आपल्यात बरेच आहेत आणि मी जे घोळ घातले ते मी एकट्यानेच घातले असतील असं वाटत नाही.

आधी माणसं सांगतो. मला धरून चोवीस. मंडळाच्या नऊ काकू-मावश्या, त्यातल्या तिघींचे अहो, सहा पोरं, आमचे नाना (वय ७८, धड गुडघा एकच), आणि बाकी कुणाची वहिनी कुणाचा पाहुणा असे. पोरांतला सगळ्यात मोठा म्हणजे माझा भाचा, चौदा वर्षांचा, याच्याकडे स्वतःची वही असते आणि तो पक्ष्यांची इंग्रजी नावं पाढ्यांसारखी म्हणतो. सामान म्हणाल तर तीन दुर्बिणी, दोन ८x४२ च्या (म्हणजे आठ पट जवळ दाखवणाऱ्या) आणि एक १०x५० ची (दहा पट), शिवाय एका मित्राकडून मागून आणलेला स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी मोठी दुर्बीण. आणि लीलो चिवडो तीन डबे. बडोद्याचा माणूस दुर्बीण विसरेल, चिवडो नाही विसरायचा.

जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे डभोई तालुक्यातलं वढवाणा, बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटर. सुरेंद्रनगरकडचं वढवाण वेगळं, दरवेळी कुणीतरी विचारतंच. तळं नैसर्गिक नाही, १९१० सालचं, बडोदे संस्थानानं शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं, म्हणजे आपल्या सयाजीराव महाराजांच्या काळातलं. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बांधावरून कालव्यानं इथे येतं. आजूबाजूला गहू, गावं, म्हशी, आणि मधे हे पसरट पाणी. २०२१ साली ते रामसर यादीत गेलं, अहमदाबादकडचं थोळ पण त्याच वर्षी. रामसर हे इराणमधलं कॅस्पियन समुद्राकाठचं गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांचा करार झाला म्हणून ते नाव, भारत त्यात १९८२ ला आला. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे महाराजांनी गव्हासाठी बांधलं आणि इराणपर्यंत गेलं," आणि बसभर ज्याला त्याला हेच ऐकवत बसले.

डभोईवरून जाताना नानांनी आणखी दोन गोष्टी ऐकवल्या, एक त्र्यंबकराव दाभाडे आणि बाजीराव यांची १७३१ ची लढाई, दुसरी डभोई-मियागाम नॅरोगेज, १८६२ ची, जी सुरुवातीला बैल ओढायचे. पोरांना बैलांची गाडी फार आवडली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या मंडळींना गोष्ट द्यायची असते, यादी नाही. पण माझ्या खिशात तर यादीच होती.

घोळाची सुरुवात घरापासूनच. बस पाच वाजता निघणार होती, निघाली सहा-दहाला, कारण एका मावशींचा डबा राहिला, मग चहा झाला, मग ज्या अहोंनी चहा नको म्हटलं होतं त्यांना चहा हवा झाला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासात-साडेसातला उजाडतं, आम्ही पोचलो तेव्हा ऊन वर यायला लागलेलं आणि गाड्यांची रांग. टेबलावर नाव लिहा, टोपी घ्या, कागद घ्या. कागदावर साठ पक्ष्यांची नावं, पुढे चौकोन, दिसला की टिक करायची. मी उत्साहात सगळ्यांना एकेक कागद वाटला, पेनं सुद्धा मी घरून आणली होती, बोला.

पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, चढलो तर सूर्य बरोब्बर समोर. पाण्यावर हजारो पक्षी होते हो, पण सगळे काळे. सूर्य समोर असला की पाणी चकाकतं आणि पक्ष्याची नुसती सावली उरते, मोठी लालसरी बदकाचं केशरी डोकं असो की थापट्या बदकाची हिरवी मान, सगळं कोळशासारखं. हे मला बारा वर्षांपासून माहिती आहे. तरी उभा राहिलो तिथेच, कारण सगळे तिथे उभे होते.

मग दुर्बिणी. चोवीस माणसांत तीन, म्हणजे एकेकाच्या वाट्याला मिनिटभर, त्यात दहा-बाय-पन्नासवाली जड आणि हलते फार, ती नेमकी मी पोरांना दिली. शेजारच्या काकूंना दिली ती चांगली आठ-बाय-बेचाळीस, त्यांनी डोळ्याला लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली आणि परत दिली. "छान आहे रे." मी विचारलं काय दिसलं, तर म्हणाल्या काळं दिसलं, मधे एक गोल उजेड दिसला. मला वाटलं उन्हामुळे. तसं नव्हतं. काकूंना चष्मा आहे, आणि दुर्बिणीचे डोळ्यापाशी जे रबराचे कप असतात ते वर केलेले होते, चष्म्यावरून बघायचं तर ते खाली बसवावे लागतात, नाहीतर डोळा लांब पडतो आणि भोवती नुसता अंधार. शिवाय दोन नळ्यांमधलं अंतर माझ्या डोळ्यांचं, काकूंच्या नाही. नऊपैकी सात काकूंना चष्मा. म्हणजे सात जणींनी त्या सकाळी काळा गोल बघितला आणि मला वाईट वाटू नये म्हणून "छान आहे" म्हटलं!

आमच्या बरोबर दिलेला गाईड मुलगा हुशार होता पण त्याला घाई होती, मोठी लालसरी तिकडे, चक्रवाक पलीकडे, चला चला पट्टकादंब उडतील. हे पट्टकादंब म्हणजे बार-हेडेड गूज, मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे, असा पक्षी खरंच दाखवावासा वाटतो. पण चालायचं किती, तर नाना मागे, दोघी मावश्या नानांसोबत, पोरं पुढे पळतायत आणि त्यांच्या आवाजानं जवळची टिबुकली बुडी मारतेय. सगळे पोचेपर्यंत पट्टकादंब उडाले. टिक मात्र सगळ्यांनी केली. माझ्या धाकट्या भाचीनं तर रोहित पक्ष्याला पण टिक केली, का तर चित्रातला गुलाबी होता म्हणून. त्या दिवशी तिथे एकही रोहित नव्हता.

साडेनऊला मंडपातून लाऊडस्पीकर सुरू झाला, कुणाचं तरी स्वागत. भजनी मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, "चला, चिवडो खाऊन घेऊ आणि जाता जाता चांदोदला दर्शन होतंय का बघू." मला वाटलं संपला विषय.

चिवडो खायला म्हणून मंडपापासून लांब, पाळीच्या पार टोकाला जाऊन सतरंजी घातली. ठरवून काही नाही, सावली तिथे होती आणि आवाज कमी होता. पण बसल्यावर लक्षात आलं की पाळ इथे वळते आणि ऊन आता पाठीवर आहे. समोर तीस-चाळीस पावलांवर उथळ पाणी, शेतीला पाणी सोडून सोडून कडा उघड्या पडलेल्या, पाणवनस्पती वर आलेली, आणि त्यात काळे, गुबगुबीत, बदकाएवढे पण बदक नसलेले पक्षी. शेकड्यानी. मी त्यांच्याकडे सकाळपासून बघितलंच नव्हतं, आपण पक्षीवाले कूटकडे (हे त्यांचं इंग्रजी नाव) कशाला बघतोय, कूट म्हणजे गर्दी, लालसरी शोधताना मधे येणारी.

शेजारच्या काकूंनी विचारलं हे काय. मी कंटाळूनच म्हटलं, "वारकरी."

"काय?"

"नाव आहे त्याचं. मराठीत वारकरी म्हणतात. चांदवा पण म्हणतात."

मग मी त्यांचा चष्मा, रबराचे कप, नळ्यांचं अंतर, सगळं नीट लावून दिलं, कारण आता वेळ होता. काकूंनी बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग एकदम, "अगं बाई, हे तर टिळा लावून आलेत!"

काळंभोर अंग, आणि चोचीपासून कपाळापर्यंत पांढराशुभ्र पट्टा. बुक्क्यासारखा काळा आणि वर टिळा. मी बारा वर्षं तो पांढरा पट्टा बघतोय, ओळखायची खूण म्हणून वहीत लिहितोय, पण हे नाव का पडलं असेल ते काकू ओरडल्या तेव्हा डोक्यात शिरलं. त्यानंतर नऊच्या नऊ जणी उठल्या. दुर्बिणीसाठी आता रांग, आणि रांगेत भांडण.

बसचे ड्रायव्हरभाई चिवडो खात बाजूला उभे होते, ते म्हणाले, "आ तो भगतडां." गुजरातीत याला भगतडुं म्हणतात, म्हणजे भगत. ड्रायव्हरभाई इथल्याच जवळच्या गावचे, लहानपणापासून बघतायत. पंढरपूर लांब राहिलं, पण इकडच्या लोकांना पण त्या काळ्या पक्ष्यात भगतच दिसला, यावर मंडळात दहा मिनिटं चर्चा. मी गप्प बसलो, माझ्या ट्रिपमधली पहिली खरी चर्चा होती ती.

पुढचे दीड तास आम्ही तिथून हललो नाही. वारकरी पाण्यात बुडी कशी मारतो ते बघितलं, आधी जागच्या जागी छोटी उडी, मग डोकं खाली, आणि दहा-पंधरा सेकंदांनी बुचासारखा वर, चोचीत हिरवं शेवाळ-वेल काहीतरी. वर आला की शेजारी टपून बसलेलं गडवाल बदक ते ओढून घेतं. गडवालाला तेवढं खोल बुडता येत नाही, म्हणून ते बुडणाऱ्याच्या शेजारी राहून फुकटात जेवतं. एका अहोंकडे बघून दोघी मावश्या हसल्या, का ते मी विचारलं नाही. एक वारकरी काठावर चरायला आला तर स्कोप त्याच्या पायांवर लावला. बदकासारखी सलग जाळी नाही, प्रत्येक बोटाला वेगळे पाळे, हिरवट-राखाडी, पानांसारखे. कारण तो बदकांच्या घरातलाच नाही, पाणकोंबडीचा भाऊबंद आहे. पोरांनी ते पाय बघायला स्कोपपाशी तीन-तीन फेऱ्या मारल्या. सात वर्षांचं पोरटं म्हणालं, "त्याने पायात पानं घातलीयेत." आणि उडताना हा पक्षी नुसता उडत नाही, आधी पाण्यावर धावतो, पाय आपटत, पंख फडफडवत, मागे पाण्याचे ठिपके उठतात. एकदम चाळीस-पन्नास धावले तेव्हा काकू म्हणाल्या, "हा तर धावा!" वारीत वेळापूरला जो धावा होतो तो. काकू तरुणपणी दोनदा गेल्यात.

सव्वाअकराच्या सुमारास ती गोष्ट झाली. पसरून चरणारे सगळे वारकरी एकाएकी आत सरकायला लागले. आवाज नाही, गडबड नाही, पण पाच-सहाशे पक्षी अर्ध्या मिनिटात असे गच्च एकमेकाला चिकटले की पाण्यावर काळी घोंगडी टाकल्यासारखं झालं. भाच्यानं आधी पकडलं, वर बोट दाखवलं. दलदली भोवत्या, मार्श हॅरियर, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून गवतावरून खाली खाली येत होता. त्याला एकटा सुटलेला, आजारी, मागे राहिलेला पक्षी लागतो, घोळक्यात झेप मारली तर कुणाला धरायचं तेच ठरत नाही. तो घोंगडीवरून दोनदा फिरला. दुसऱ्या वेळी कडेच्या पक्ष्यांनी पाणी उडवलं. मग तो निघून गेला, आणि घोंगडी हळूहळू उसवली. चोवीस माणसं, त्यात सहा पोरं आणि नऊ भजनवाल्या, आणि एक शब्द नाही. मंडपातला लाऊडस्पीकर तेव्हाही चालूच होता म्हणे, मला नाही ऐकू आला.

परतताना बसमध्ये मी प्रत्येकाला विचारलं, आज बघितलेला एक पक्षी सांगा. पंधरा जणांनी वारकरी म्हटलं, तिघांनी भोवत्या, दोघांनी चित्रबलाक, नाना म्हणाले बैलगाडीची रेल्वे. लालसरीचं नाव एकट्या भाच्यानं घेतलं. साठ नावांचे कागद बसच्या सीटखाली सापडले, सगळे मिळून सोळा.

मग मी घरी बसून विचार केला की चूक कुठे होती. उशीर झाला हे खरं, पण उशीर न होता गेलो असतो तरी फज्जा झालाच असता. खरा लोचा असा की मी माझी मजा त्यांना द्यायला निघालो होतो. बारा वर्षांनंतर मला दुर्मिळ पक्ष्याची किंमत कळते कारण साधे पक्षी मी हजारदा बघून झालेत. ज्या बाईनं कधी दुर्बीण धरली नाही तिला लालसरी आणि वारकरी सारखेच नवीन, उलट वारकरी जवळ आहे, मोठ्या संख्येनं आहे, दिवसभर काहीतरी करत असतो, आणि त्याचं नाव तिच्या घरातलं आहे. आपण मात्र तिला दोनशे मीटरवरचा केशरी ठिपका दाखवून म्हणतो बघा किती सुंदर.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी परत गेलो, या वेळी सोळाच जण. बस साडेचारची ठरवली आणि सगळ्यांना पावणेचार सांगितलं, त्यामुळे बरोब्बर साडेचारला निघाली. आदल्या संध्याकाळी सगळ्या चष्मेवाल्यांना बडोद्यातल्या सूरसागर तळ्याच्या काठावर बोलावून मधल्या महादेवाच्या मूर्तीवर दुर्बीण लावायला शिकवलं, मूर्ती हलत नाही हा तिचा मोठा फायदा. आधी डावा डोळा मधल्या चाकानं, मग उजवा त्या बाजूच्या कड्यानं, आणि मग ते कडं कुठे आहे ते लक्षात ठेवायचं. काकूंनी मूर्तीच्या हातातला त्रिशूळ स्पष्ट दिसला तेव्हा जे "हांऽऽ" केलं ते ऐकून शेजारी सेव-उसळ खाणारा माणूस वळून बघायला लागला. दुर्बिणी मागून मागून सहा केल्या. यादी नाही, कागद नाही. सरळ त्याच टोकाला गेलो, ऊन पाठीवर घेऊन सतरंजी, दोन तास.

पोरांना या वेळी काम दिलं, मोजायचं. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही, आधी वीस पक्षी मोजायचे, ते केवढी जागा घेतात ते डोळ्यात धरायचं, आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर किती बसतात ते बघायचं. पाहणीत जाणकार लोक असंच करतात. भाचीचे आले ५४०, एका मावशींचे ९००, माझे ७००. मावशींनी माझे मान्य केले नाहीत, म्हणाल्या तू मागची ओळ धरली नाहीस. परत बघितलं तर खरंच मागे वाळक्या गवतापाशी एक ओळ होती.

सगळं जमलं असं म्हणणार नाही. बायकांच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न दोन्ही वेळा तसाच, त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता, डभोईत बस थांबवणे, आणि तो काही उपाय नाही. नाना दुसऱ्यांदा आले नाहीत, गुडघा. आणि भाचा माझ्यावर चिडला. त्याला दोन तास वारकरी बघायचे नव्हते, त्याला त्या मोसमात वहीत शंभर करायचे होते, आणि मी जे बायकांच्या बाबतीत केलं होतं तेच उलट करून त्याच्यावर लादत होतो. तासाभरानं ते माझ्या लक्षात आलं, मग त्याला स्कोप देऊन पाळीवर एकटा सोडला. चक्रवाकाची जोडी, शेकाट्या, आणि एक मोठी लालसरीचा नर, उन्हात डोकं पेटल्यासारखं, असं सगळं टिपून आला आणि आल्यावर काकूंनाच ओढत घेऊन गेला दाखवायला. काकूंनी लालसरी पूर्ण पाच मिनिटं बघितली. "सुंदर आहे," म्हणाल्या, "पण हा पाहुणा वाटतो."

मार्च लागला तशी तळ्यावरची गर्दी पांगली. आषाढीच्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, मागे टीव्हीवर पंढरपूर चालू, टाळ ऐकू येतायत.

"अरे, आपले ते काळे वारकरी आता कुठे असतील?"

म्हटलं बरेचसे उत्तरेला गेलेत, घरटी, पिल्लं.

"म्हणजे त्यांची वारी उलटी. आपण आषाढीला निघतो, ते कार्तिकीला येणार."

"दिवाळीनंतर, हो."

"मग बस आत्ताच सांगून ठेव," काकू म्हणाल्या, "आणि मला वेळ खरी सांग, पावणेचार-बिवणेचार नको."